पुंजण्यातला फोन

सकाळच्या चहाबरोबर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायच्या आणि त्यांच्याशी भांडायचं, ही माझी जुनी खोड. माझा नवरा म्हणतो, बाकीचे लोक भाजीवाल्याशी हुज्जत घालतात, ही सर्व्हरशी घालते. मी गोंदियात भूगोल शिकवते. संगणकाच्या पोटातलं मला फारसं कळत नाही, आणि म्हणूनच माझी मतं ठाम आहेत.

कोणी अब्जाधीश म्हणतो, माणसाला मंगळावर नेऊन सोडतो. मी म्हणते, बाबा रे, आधी आमची गाडी सालेकशाच्या जंगलात शिरल्यावर फोन चालू ठेवून दाखव, मग मंगळाचं बघू. एखादं संकेतस्थळ मोठ्या अदबीनं विचारतं, आमच्या अटी मान्य आहेत का? अटी पोथीएवढ्या लांब, आणि खाली बटण एकच, 'मान्य'. पूर्वी आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीलाही एवढंच विचारत. परदेशात म्हणे माणसाला 'विसरले जाण्याचा हक्क' आहे, म्हणजे अर्ज करून जाळ्यावरचं आपलं नाव पुसून घेता येतं. ती बातमी वाचून मी नवऱ्याला म्हटलं, विसरले जायला कायदा कशाला हवा? निवृत्त होऊन बघा, चार महिन्यांत काम होतं.

त्या हक्काची मी बरीच टिंगल केली होती. पण मावसाजी गेले आणि त्यातली गंमत माझ्यापुरती संपली.

मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचा नवरा. केशोरीच्या बाजूला त्यांची धानाची शेती. मागच्या उन्हाळ्यात गेले, झोपेतच. त्यांना फोनवर टाइप करायचा मनापासून कंटाळा. अंगठ्याएवढ्या अक्षरांशी कोण झटापट करणार, म्हणून ते बोलून संदेश पाठवत. बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, घरी मावशीला. "मोटर बंद पडली. लाईट गेली काय, पाह्य बरं. आयकून रायली ना?" किंवा "दोन मानसं वाढले जेवाले. आयकून रायली ना?" प्रत्येक संदेशाच्या शेवटी 'ऐकते आहेस ना' हा प्रश्न ठरलेला. आपलं बोलणं खरंच पलीकडे पोचतंय यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. आणि मावशीही घरात फोनसमोर उभी राहून मोठ्यानं "हो" म्हणायची. तो 'हो' कुठंच रेकॉर्ड होत नसे, मावसाजींना तो कधीच ऐकू गेला नाही. मी किती वेळा समजावलं असेल. मावशी म्हणे, "मंग त्यानं इचारलं तं का चूप बसू?"

ते गेल्यावर मावशीकडे त्यांचे हे संदेश राहिले. फोटो फारसे नव्हते. मावसाजी फोटोत नेहमी पोलिसात हजेरी द्यायला आल्यासारखे दिसायचे, ते तिला आवडत नसत. दुपारी भांडी आटोपली की ती ओसरीवर बसून एक संदेश ऐकायची. एकच. मी विचारलं, सगळे का नाही ऐकत? तर म्हणाली, "आजच सारे आयकले तं उद्या काय आयकू?"

दिवाळीनंतर धान कापून झालं तेव्हा सुटीत मी तिच्याकडे गेले. आमच्याकडे कापलेल्या धानाचे भारे बांधून शेतातच रचतात. घराएवढा उंच गोल ढीग होतो, त्याला पुंजणं म्हणतात. मळणीची, आमच्या बोलीत चुरन्याची, मशीन येईपर्यंत धान तसंच राहतं. मावशीच्या घरात पुंजण्याचा पहिला भारा नेहमी मावसाजींनी ठेवायचा, आणि ठेवताना काहीतरी बोलायचं. काय बोलायचं याचा नियम नव्हता. एका वर्षी ते नुसतंच "बस इथं" म्हणाल्याचं मला आठवतं.

या वर्षी पहिला भारा हातात घेऊन मावशीचा धाकटा दीर थांबला. वहिनी ठेवणार की आपण ठेवायचा, हे त्याला कळेना. हा दीर बोलायला फटकळ, पण भावाच्या जागी एकदम उभं राहायला त्याचं मन घेत नव्हतं. मावशी म्हणाली, "भारा तुमी ठेवा. बोलाचं त्यालेच बोलू द्या." तिनं कमरेचा फोन काढला, भाऱ्याजवळ धरला आणि मागच्या वर्षीचा एक संदेश लावला. "भारे उचलाले मानसं आले. चहा जास्त ठेव. आयकून रायली ना?"

उघड्या बांधीत मावसाजींचा आवाज घुमला. भारे वाहणारे सगळे जागच्या जागी थांबले. मावशी "हो" म्हणाली आणि दिरानं भारा खाली ठेवला. मग दुसऱ्या पुंजण्याला तसंच, तिसऱ्याला तसंच, चौथ्यालाही. त्यानंतर ती दिवसभर भारे वर देत राहिली, आणि संध्याकाळी घरी येऊन कमरेला हात लावला तर फोन नव्हता.

रस्ता पाहिला, शेत पाहिलं, बैलगाडीतलं तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं काड, झाडून पाहिलं. मी माझ्या फोनवरून लावत होते. घंटी जात होती, म्हणजे फोन जिवंत होता, पण आवाज कुठूनच येईना. कारण मावशीनंच तो मुका करून ठेवला होता. दिवसभर तिला कर्ज देणाऱ्यांचे फोन यायचे. त्रासदायक फोन बंद करण्याचे सरकारी नियम किती निघाले, मी सगळे वाचले आहेत. नियम वाचून होईपर्यंत आणखी दोन फोन येतात. मावशीनं आपल्यापुरता उपाय केला होता, घंटीच्या आवाजाचं बटण तळाला नेऊन ठेवलं, संदेश तेवढे ऐकू येत. "सक्कारपासून कोनी ना कोनी कर्ज देऊन रायला," ती म्हणाली, "मी मागतलं काय त्याईले?"

हरवलेला फोन लांबून वाजवण्याची सोय असते, तीही मी करून पाहिली. त्याला फोनमधलं इंटरनेट चालू लागतं, आणि मावसाजी गेल्यापासून मावशी ते गरजेपुरतंच उघडायची, जसा पाण्याचा नळ. आवाजांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मावसाजींचा स्वतःचा फोन तेरवीनंतर कोणा नातेवाइकाला दिला गेला आणि त्यानं आधी तो पुसून कोरा केला होता.

आता उरली चार पुंजणी. फोन भाऱ्यांसोबत त्यातल्या एकात गेला असणार, हे सगळ्यांना कळत होतं. आणि मशीन दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. मशीनचा नंबर एकदा हुकला की ती पुढच्या गावांना निघून जाते, मग परत कधी येईल ते सांगता येत नाही. त्यात जंगलाच्या बाजूनं हत्ती फिरत असल्याच्या बातम्या. शेतात रचलेलं धान म्हणजे हत्तींना पंगतीचं आमंत्रण. चार पुंजणी उसकटून परत रचायला माणसं कुठून आणायची?

दीर खाली मान घालून म्हणाला, "एका फोनापायी धान ठेवता नाई येत, वहिनी."

"ठेवू नका," मावशी म्हणाली. "चुरना करा. मशीन धानासंगं त्याले बी चुरन." एवढं बोलून ती चुलीकडे गेली आणि भाताचं पाणी ठेवलं. ती रडली नाही. मला मात्र तिच्या पाठीकडे बघवेना.

सकाळी चहा घेताना मी सवयीनं बातम्या उघडल्या. आपत्तीच्या वेळी प्रत्येकाच्या फोनवर इशारा देण्याची सरकारी यंत्रणा आहे, तिची आज आपल्या भागात चाचणी, अशी बातमी होती. दिवसभरात कधीतरी फोन जोरात वाजेल, नागरिकांनी घाबरू नये. माझी जीभ सळसळलीच. घाबरू नका असं आधी सांगून मग घाबरवायचं, ही कुठली पद्धत? आणि माझ्या खिशात येऊन ओरडायची परवानगी यांना दिली कोणी? मी 'मान्य' दाबलं होतं का कुठं? दीर शेजारी बसून चहा पीत होता, त्याला मी पुढचं वाक्य तावातावानं वाचून दाखवलं. फोन सायलेंटवर असला तरी हा आवाज होईल.

वाचता वाचता मी थांबले. तेच वाक्य परत वाचलं. आदल्या संध्याकाळपासून आम्ही जे मागत होतो ते कोणीतरी न विचारता पाठवणार होतं. इंटरनेट नको, रिचार्ज नको, बटण तळाला असलं तरी हरकत नाही.

मी दिराला समजावलं. त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजे सरकार आपला फोन शोधून देईन?"

"सरकारला माहीत नाही," मी म्हटलं, "पण देईल."

शेतावर पोचलो तर मशीनवाला ट्रॅक्टर लावून तयार होता. गोंदियाकडचा माणूस, हिंदी बोलणारा, घाईचा. पट्टा चढवून झाला होता. मी थांबा म्हटलं, इंजिन बंद करा म्हटलं, कारणही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, धान निकालना है या मीटिंग करना है? आगे भी दो गाँव हैं." दीर माझी बाजू घेईना, त्याचीही घेईना. शेवटी मावशी पुढं झाली. "भाऊ," ती म्हणाली, "याच्यात माह्या घरच्या मानसाचा आवाज हाय. तो वाजेपर्यंत थांब, मंग तू म्हनशील तसं."

त्यानं पुंजण्यांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

मग खरी अडचण पुढं आली. चाचणीचा आवाज सगळ्यांच्याच फोनवर होणार. दहा खिसे एकदम ओरडले तर पुंजण्यातला कोण ऐकणार? म्हणून मी सगळ्यांना आपापले फोन बंद करायला सांगितलं. फोन बंद करा म्हटल्यावर लोकांचे चेहरे असे झाले, जणू मी त्यांचा सातबारा मागितला. एका बाईला तो बंद कसा करतात हेच ठाऊक नव्हतं. घेतल्यापासून कधी केलाच नव्हता. एकजण म्हणाला, "बंद केला आन घरून फोन आला तं?" घर समोर दिसत होतं. त्याची बायको त्याच्या शेजारी उभी होती. मशीनवाल्यानं मात्र पहिल्या झटक्यात आपला फोन बंद करून मला दाखवला, त्यामुळे बाकीचे नरमले.

आम्ही पुंजण्यांशी वाटून उभे राहिलो, कान तणसाजवळ. ही चाचणी कधी होणार ते बातमीत लिहिलं नव्हतं. आधी लोक कुजबुजत होते, हळूहळू तेही थांबलं. वाळल्या धानाची बारीक करकर ऐकू येत होती. पोपटांचा थवा एका पुंजण्यावर उतरला आणि आम्ही हललो नाही म्हणून निवांत खात बसला. इतकी माणसं एका जागी आणि कोणाच्याच हातात फोन नाही, असं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मावशी पहिल्या पुंजण्यापाशी उभी होती. ती कान लावत नव्हती, नुसता हात टेकून होती.

आणि एकदम भयंकर आवाज उठला. पुंजण्यातून नाही, ट्रॅक्टरच्या पान्यांच्या पेटीतून.

सगळे तिकडे धावले. मशीनवाल्यानं पेटी उघडून दुसरा एक फोन काढला आणि बटणं दाबत सुटला. तो फोन ओरडतच होता, वर हिंदीत आपण कोण आणि कशासाठी बोलतोय ते वाचूनही दाखवत होता. "ये तो सिर्फ घर वाला नंबर है," मशीनवाला ओशाळून म्हणाला. तो एकदाचा गप्प झाला. मग काहीच नाही. चारही पुंजणी चिडीचूप.

"झालं," दीर म्हणाला. "याच्याच आवाजात वाजून गेला असन."

मी म्हटलं, वेगवेगळ्या कंपन्यांना वेगवेगळ्या वेळी इशारा जातो, मावशीचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे. हे मी जितक्या ठामपणे म्हटलं तितकं मला माहीत नव्हतं. माझ्या शब्दावर मावशी इतका वेळ उभी होती, आणि मशीनवाल्याचा हात चावीकडे गेला होता. मावशी तेवढी जागची हलली नाही.

तेवढ्यात तिसरं पुंजणं ओरडायला लागलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. तो घराएवढा ढीग आतून ओरडत होता, दबक्या, घुसमटलेल्या आवाजात, आणि मग त्यातून इशारा वाचून दाखवणारी एक बाई बोलू लागली. जवळ उभी असलेली मजूर बाई दोन पावलं मागं सरली आणि तिनं हात जोडले. तिला कोणी हसलं नाही. माझेही हात जोडले गेले होते, हे मला नंतर कळलं. कुठल्या शहरातल्या कुठल्या खोलीत कोणीतरी एक कळ दाबली असेल. त्याला ना मावशी माहीत, ना केशोरी, ना पुंजणं म्हणजे काय ते. तो सगळ्यांशी बोलत होता, आणि त्या सगळ्यांत आमचा एक मुका फोन होता, भाऱ्यांच्या पोटात अडकलेला, त्यालाही त्यानं बोलतं केलं. सरकारचा आवाज माणसापर्यंत पोचत नाही, असं मी जन्मभर म्हणत आले आहे. त्या सकाळी मी तो धानातून येताना ऐकला.

मशीनवालाच आधी वर चढला. "इधर, इधर से आ रहा है," म्हणत त्यानं भारे खाली टाकायला सुरुवात केली, दीर झेलू लागला. आवाज थांबला होता, पण आता जागा कळली होती. अर्धं पुंजणं उतरल्यावर दोन भाऱ्यांच्या मध्ये तो सापडला. पडदा अजून उजळलेला होता. त्यावर लिहिलं होतं, ही फक्त चाचणी आहे, आपल्याकडून कोणत्याही कृतीची गरज नाही. आणि आम्ही सगळे तणसानं माखून उभे होतो.

मावशीनं फोन पदरानं पुसला. त्या दिवसाचा संदेश अजून ऐकायचा होता, तो तिनं तिथंच लावला. "आभाळ आलं वो. पुंजन्यावर ताडपत्री टाक. आयकून रायली ना?"

दिरानं वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. तरी तो बराच वेळ पाहत राहिला.

"हो," मावशी म्हणाली. मग मशीनवाल्याकडे वळून म्हणाली, "कर आता सुरू."

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, हे आवाज मी वर चढवून ठेवते, म्हणजे फोन गेला तरी जाणार नाहीत. वर म्हणजे कुठं, तिनं विचारलं. मी सांगितलं, मोठ्या मोठ्या इमारती असतात, नुसत्या मशीननी भरलेल्या. कुठंतरी लांब, परदेशातही असतील. सगळ्या जगाचं तिथंच ठेवलेलं असतं.

मावशीनं थोडा विचार केला. "तिथं त्याले कोन ओळखते?"

भारतीयांची माहिती भारतातच ठेवावी की बाहेर गेली तरी चालेल, यावर मी किती लेख वाचलेत आणि किती जणांशी भांडले आहे. वकिलांची मतं ऐकली, कंपन्यांची ऐकली. हा प्रश्न त्यातल्या कोणीच विचारला नव्हता.

"तुया फोनात ठेव," ती म्हणाली. "तू त्याले ओळखतेस. तुया पोरीच्या बी ठेव, तिले तो खांद्यावर घेऊन फिरे. आन भाऊजीच्या." मी तसंच केलं. वर कुठंच चढवलं नाही.

तेव्हापासून माझा फोन कुरकुरतो. जागा संपली म्हणतो, बरेच दिवस न उघडलेल्या जुन्या फायली काढून टाकू का, असं विचारतो. मी माझे जपून ठेवलेले लेख एकेक करून काढते आहे. इंटरनेटच्या भवितव्यावरचे तर बहुतेक गेले.

परवा परीक्षेच्या कामासाठी सालेकशाला निघाले होते. गाडी जंगलात शिरली आणि नेहमीप्रमाणे डब्यातले सगळे फोन एकदम मेले. लोक ते वर धरून, हलवून पाहू लागले. मीही हातातल्या फोनला दोन शिव्या घातल्या, मग आठवलं, आणि मावसाजींचा एक संदेश लावला. त्याला नेटवर्क लागत नाही. "गाडी कुठवर आली? मी फाटकावर उभा हावो. आयकून रायली ना?" मावशी माहेराहून परतत असेल तेव्हाचा असावा.

समोरच्या बाकावरच्या बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्यानं "हो" म्हटलं होतं.